‘भुलीच्या इंजेक्शनापेक्षा घरची अर्धी गोळी बरी’ : त्या मेसेजला एका डॉक्टरचं उत्तर

सोलापुरात मांजर पाळणाऱ्यांच्या फोनवर सध्या एक मेसेज फिरतोय. माझ्याकडे तो आधी जुळे सोलापुरातून आला, मग साखर पेठेतून, आणि आता लोक तो उघडूनच दवाखान्यात येतात. मजकूर थोडक्यात असा : मांजराला भुलीचं इंजेक्शन देऊ देऊ नका. ते बैलाला पाडायचं औषध आहे. मांजर आतून जागंच असतं, नुसतं हलता येत नाही. नंतर उलट्या होतात, म्हणजे विष भिनलेलं असतं. किडन्या जातात, मांजर कायमचं वेडं होतं. त्यापेक्षा घरीच अर्धी झोपेची गोळी दुधातून द्या, काम भागतं.

शेवटचं वाक्य नसतं तर मी या फंदात पडलो नसतो. बाकीच्या भीतीपायी फार तर नसबंदी लांबते. त्या अर्ध्या गोळीनं मांजर जाऊ शकतं, म्हणून उत्तर तिथूनच.

घरात ‘झोपेची गोळी’ म्हणून जी असते ती बऱ्याचदा डायझेपामच्या कुळातली. माणसाला ती पचते. मांजरांना डायझेपाम तोंडावाटे काही दिवस दिल्यावर काहींचं यकृत एकाएकी निकामी होऊन ती दगावल्याच्या नोंदी 1990च्या दशकातच प्रसिद्ध झाल्या आहेत. कुठल्या मांजराला असं होईल हे आधी ओळखता येत नाही. शिवाय या गोळ्यांनी काही मांजरं झोपण्याऐवजी उलट पिसाळल्यासारखी वागतात. आणि ‘अर्धी’ म्हणजे कशाची अर्धी? गोळी साठ किलोच्या माणसासाठी केलेली, मांजर चार किलोचं.

याच मेसेजच्या एका आवृत्तीत कुणीतरी ‘नाहीतर तापाची गोळी’ असंही जोडलंय. तापाची म्हणजे पॅरासिटामॉल. ते निरुपद्रवी करून बाहेर टाकायची यकृतातली मुख्य सोय मांजरात जवळजवळ नसतेच. रक्ताला ऑक्सिजन वाहून नेता येईनासा होतो, हिरड्या मातकट चॉकलेटी पडतात, तोंड आणि पंजे सुजतात. 500 मिलिग्रॅमची एक गोळी मांजराचा जीव घ्यायला पुरते. अशा हिरड्या दिसल्या तर रात्र काढू नका, तडक दवाखाना गाठा.

आता बैलाचं औषध. भुलीच्या इंजेक्शनातलं झायलाझिन हे औषध गाईबैलांनाही देतात हे खरं, पण गुरं त्याला इतकी हळवी की वजनाच्या हिशेबात घोड्याच्या साधारण एक दशांश डोसात ती खाली बसतात. ‘मोठ्या जनावराचं म्हणजे जालीम’ हा हिशेब इथंच फसतो. गंमत म्हणजे 1962 साली जर्मनीत बायर कंपनीनं ते तयार केलं ते माणसांचा रक्तदाब उतरवायला. माणसांत गुंगी आणि रक्तदाबाची घसरण फारच झाली, म्हणून ते जनावरांकडे वळलं. त्याच्या जोडीला दिलं जाणारं केटामाइन तर 1970 पासून माणसांच्या ऑपरेशनात वापरलं जातं आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे.

‘मांजर जागंच असतं’ हा समज कुठून आला ते मला ठाऊक आहे. टेबलावरचं मांजर बघून मालकीणबाई दाराशीच थबकतात : ‘डॉक्टर, डोळे उघडेच हायत की हो याचे!’ उघडेच राहणार. केटामाइनखाली मांजर डोळे मिटत नाही, बाहुल्या मोठ्या होतात, पापणी लवत नाही. बुबुळ कोरडं पडून त्यावर व्रण होऊ नये म्हणून आम्ही डोळ्यांत मलम घालतो. पण वेदना मेंदूपर्यंत पोचत नाही, केटामाइन त्यासाठीच तर असतं. एकट्या केटामाइननं अंग ताठर राहतं, म्हणून सोबत झायलाझिन किंवा मिडाझोलाम.

मेसेजवाल्याचं इथं एक मात्र मान्य करायला हवं. अ‍ॅसिप्रोमाझिन नावाचं गुंगीचं औषध मांजराला सुस्त करतं, वेदना अजिबात मारत नाही, भीतीही फारशी घालवत नाही. एवढ्यावर कुणी टाके घालत असेल तर तक्रार रास्त आहे. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर शोभेचं दारूकाम सुरू झालं की ‘त्याला काहीतरी द्या’ म्हणून लोक येतात, त्यांनाही मी हे देत नाही. मांजर कोपऱ्यात गप्प पडतं, घरचे म्हणतात शांत झालं. आत ते तितकंच घाबरलेलं असतं, फक्त पळता येत नाही.

उलटीचं उत्तर सोपं. झायलाझिन मांजराच्या मेंदूतलं ओकारीचं केंद्र चाळवतं, त्यामुळे इंजेक्शननंतर काही मिनिटांत बरीच मांजरं ओकतात. मांजरानं विषारी काही गिळलं असेल तर उलटी करवायला आम्ही हेच औषध टोचतो! धोका उलटीचा नाही, भरल्या पोटाचा आहे. गुंगीत गिळण्यावर ताबा नसतो, ओकलेलं श्वासनळीत उतरलं की न्यूमोनिया. म्हणून उपाशी आणा म्हणतो, आणि म्हणूनच ‘दुधातून द्या’ हा सल्ला दुप्पट वाईट. लहान पिल्लांना मात्र फार वेळ उपाशी ठेवू नका, त्यांची साखर घसरते. किती तास ते आधी फोन करून विचारा. उलट्या दुसऱ्या दिवशीही चालू राहिल्या तर ते वेगळं प्रकरण, मांजराला घेऊन या.

किडनीचं वाक्य अर्धं खरं आहे, पण उलटं लिहिलंय. केटामाइनचा जो अंश मांजराच्या यकृतात तयार होतो तो लघवीवाटे बाहेर पडतो. किडनी आधीच थकलेली असेल किंवा बोक्याची लघवी तुंबलेली असेल तर गुंगी लांबते आणि जड जाते. निरोगी किडनी एका इंजेक्शननं जात नाही. म्हातारं मांजर असेल तर आधी किडनीचं काम कळायला रक्तातलं क्रिएटिनिन तपासायला सांगतात ते यासाठी. खर्च वाढवायला नव्हे.

आणि वेडं होणं? शुद्धीवर येताना मांजर झोकांड्या खातं, शून्यात बघतं, डोळ्याच्या कोपऱ्यातून पांढरी तिसरी पापणी वर येते, घरातलं दुसरं मांजर दवाखान्याच्या वासानं त्याच्यावर फिस्कारतं. बघणाऱ्याच्या पोटात गोळा येतो, कबूल. बहुतेकांचं हे दुसऱ्या दिवसापर्यंत उतरतं. तोवर खाट, माळा, गच्ची बंद. मांजर जमिनीवरच ठेवा.

एवढं सगळं लिहून मेसेजवाल्यानं खरा धोका सोडूनच दिला. ब्रिटनमधल्या दवाखान्यांची मोठी पाहणी 2008 साली प्रसिद्ध झाली. भूल किंवा गुंगीमुळे दगावण्याचं प्रमाण निरोगी मांजरांत 0.11 टक्के, म्हणजे नऊशेत एक. आजारी मांजरांत 1.4 टक्के, म्हणजे सत्तरांत एक. शून्य नाही. वरून धडधाकट दिसणाऱ्या मांजराच्या हृदयाचा स्नायू जाड झालेला असू शकतो आणि स्टेथोस्कोपला तो दर वेळी सापडतोच असं नाही. पण त्या पाहणीतली मला जास्त महत्त्वाची वाटणारी गोष्ट वेगळी : दगावलेल्या मांजरांपैकी निम्म्याहून जास्त ऑपरेशन संपल्यावर गेली, त्यातली बरीचशी पहिल्या तीन तासांत.

म्हणजे ‘झालं ना डॉक्टर, नेऊ का?’ म्हणत लगेच रिक्षा बोलावू नका. मान उचलून बसेपर्यंत थांबा. आमच्याकडची खास चूक मे महिन्यातली. बाहेर त्रेचाळीस अंश, म्हणून गुंगीतलं मांजर थेट कूलरच्या झोतात ठेवायचं. गुंगीत त्याला अंगाचं तापमान सांभाळता येत नाही. ओल्या झोतात ते गारठतं आणि तापलेल्या गाडीत भाजून निघतं. सावलीतली खोली, खाली दुहेरी घडी घातलेला टॉवेल (त्याची तरी सोलापुरात ददात नाही), अंगावर हलकं पांघरूण. गरम पाण्याची पिशवी उघडी टेकवू नका, चटका बसला तरी त्याला सरकता येत नाही. मधून मधून ओठ उचलून हिरडी बघा. गुलाबी ठीक, पांढरी किंवा निळसर दिसली तर फोन.

राहिला प्रवास, कारण अर्धी गोळी देणारे निम्मे लोक पुण्याच्या गाडीसाठीच देतात. त्यासाठी गॅबापेन्टिन नावाचं औषध आहे, निघायच्या दोन-तीन तास आधी, डोस मांजर बघून डॉक्टरांनी ठरवलेला. त्यानंही ते लडखडतं आणि पेंगतं, किडनीच्या रोग्याला कमी द्यावं लागतं. पहिली मात्रा मोकळ्या दिवशी घरी देऊन बघा, गाडी पकडायच्या सकाळी नको.