पाचट, उधई आणि माझी अर्धवट पोस्ट

दादा, झाडांच्या बुडाशी पाचटाचं (उसाच्या वाळलेल्या पानांचं) आच्छादन घाला अशी माझी मार्चमधली पोस्ट होती, तिच्यावरची तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली आणि खरं सांगते, आधी रागच आला. सकाळी चहा घेताना परत वाचली तेव्हा कळलं की निम्मं तरी तुमचं बरोबर आहे. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते, दादांचं म्हणणं असं की ताई तुमचं ऐकून मार्चमध्ये झाडांना चार-चार इंच पाचट टाकलं, आधी उधई (वाळवी) लागली, मग सप्टेंबरच्या पावसात कढीपत्ता अन् दोन पपया बुडातून कुजल्या. आमच्या आजोबांनी कडुनिंब लावला, त्याला कोण पाचट घालत होतं? अन् ज्या लातूरला प्यायचं पाणी रेल्वेनं आलं तिथं बसून बागेचे चोचले शिकवता, कमाल आहे.

रेल्वेचंच आधी घेते. एप्रिल २०१६, मिरजेहून पहिली गाडी आली, १० वॅगन, ५ लाख लिटर. आमच्या गल्लीत घागरींची रांग लागायची, मीही त्यात होते. पण त्याच वर्षी पावसाळा संपेपर्यंत लातूरला पाणी देणारं मांजरा धरण भरलं हे आपण कुणी आठवत नाही. आणि २०२५ च्या सप्टेंबरमध्ये तर सीना नदीच्या पुरात शेजारच्या धाराशिव जिल्ह्यात परंड्याकडं माणसं हेलिकॉप्टरनं काढावी लागली. म्हणजे एकाच अंगणात एप्रिलला झाड पाण्यावाचून मरणार आणि सप्टेंबरला पाण्यात मरणार. माझी चूक इथंच झाली, मी मार्चमध्ये बसून फक्त उन्हाळ्याची पोस्ट लिहिली आणि ती बारा महिन्यांची असल्यासारखी लिहिली. ते पाचट जूनला काढायचं असतं हे एका ओळीनंही सांगितलं नाही. सॉरी.

आता तुमचं झाड का गेलं ते. आपली काळी माती उन्हाळ्यात इतकी फाटते की भेगेत हात जातो, त्या भेगांमधून खालची ओलही उडून जाते आणि बारीक मुळं ताणून तुटतात. तेव्हा पाचटाचा उपयोग होतो, माती झाकलेली राहते, भेगा कमी पडतात. पण हीच माती पावसात फुगते, भेगा मिटतात, आणि मग पाणी खाली उतरतच नाही, वर चिखल करून बसतं. त्यावर चार इंच पाचटाची गोधडी म्हणजे चिखल वाळायची सोयच नाही. मुळांनाही हवा लागते, ती मिळाली नाही की कुजायला सुरुवात. पपईचा जीव यात सगळ्यात नाजूक, दोन-तीन दिवस बुडात पाणी थांबलं की पानं पिवळी पडून मान टाकते. तुमच्या दोन गेल्या ना, माझ्या तीन गेल्या.

माझ्या कशा गेल्या ते सांगायला लाज वाटते पण सांगते. मी मोठ्या हौसेनं गच्चीचा पाईप बागेत सोडला होता, त्याचे फोटोही इथंच टाकले होते. गच्ची हजार स्क्वेअर फूट, म्हणजे साधारण ९३ चौरस मीटर. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी, साधा हिशोब आहे. दिवसाला १०० मिलिमीटर पडला तर नऊ हजार लिटरच्या वर पाणी त्या एका पाईपातून बागेत. वर शेजाऱ्यांनी सगळ्या अंगणाला पेव्हर ब्लॉक बसवून उतार आमच्याकडं काढलेला (त्यावरून भांडण झालंय, तो विषय नको). चार दिवस तळं साचलं होतं. आता त्या पाईपाला टी (तीन तोंडांचा जोड) टाकून व्हॉल्व बसवलाय, जूनचं पाणी बागेला, ती भिजली की पुढचं शोषखड्ड्यात. आणि तो खड्डा मुरूम लागेपर्यंत खोल नेलाय, कारण काळ्या मातीतच खड्डा थांबवला तर तो शोषखड्डा नाही, हौद होतो.

उधईचं मात्र सगळं माझ्यावर ढकलू नका. उधई मुळात वाळलेलं खाते, पाचट दिसलं की येणारच, पण ते खोडाला चिकटवून ठेवलं तर तिला वर चढायला जिनाच मिळतो. खोडापासून वीतभर जागा मोकळी ठेवा असं त्या पोस्टमध्ये लिहिलं होतं, बघा परत, तिसऱ्या फोटोच्या खाली. तरी एक कबूल करते, पाचटाऐवजी सोयाबीनचं भुस्कट बरं पडतं, लवकर कुजून मातीत जातं, उधईला फार दिवस खायला उरत नाही. सोबत मूठभर निंबोळी पेंड टाकते मी.

मग माझं वेळापत्रक आता असं झालंय की होळीच्या सुमारास आच्छादन टाकायचं, मृग लागला की पातळ करून बाजूला ओढायचं, झड लागली तर पूर्ण काढून कंपोस्टच्या ढिगावर, आणि दिवाळीनंतर जमीन वाफशावर आली (चिखल जाऊन नुसती ओल राहिली) की परत. पपई, वांगी, मिरची सगळं वरंब्यावर, सपाट जमिनीत काहीच नाही.

आजोबांच्या कडुनिंबाबद्दल वादच नाही. कडुनिंब, करंज, बहावा एकदा लागले की त्यांना आपली गरज नसते. पण पहिले दोन उन्हाळे त्यांनाही कुणीतरी पाणी घातलेलं असतं, बहुतेक आजीनं, आणि तिचं नाव कुणी घेत नाही. शिवाय कडुनिंबाखाली कोथिंबीर येत नाही, अन् मला भाजीला कोथिंबीर लागते.

चोचल्यांचं म्हणाल तर लॉनबद्दल मी तुमच्याच बाजूनं आहे. पाचशे स्क्वेअर फूट लॉन हिरवं ठेवायचं तर मे महिन्यात रोजचं अडीचशे-तीनशे लिटर पाणी जातं, तेही आपल्याकडं, ते मला बघवत नाही. माझ्या भाज्या चार माणसांच्या आंघोळीच्या पाण्यावर निघतात, साठ-सत्तर लिटर. फक्त वॉशिंग मशीनचं पाणी घालत नाही, पावडरीतल्या सोड्यानं काळी माती आवळते, वर पापुद्रा धरतो आणि मग घातलेलं पाणीही मुरत नाही. हे एका उन्हाळ्यात मेथीचा वाफा घालवून शिकले.

एक काम करा. पपई जिथं गेली तिथं हातभर खोल खड्डा घ्या, बादलीभर पाणी ओता, ते जिरलं की परत एक बादली ओता आणि दुसरी बादली जिरायला किती वेळ लागतो तेवढं बघा. रात्रभर पाणी तसंच दिसलं तर तिथं परत पपई लावू नका, अळू लावा.

आणि कढीपत्ता उपटला नसेल तर अजून उपटू नका, वरचं वाळलेलं छाटा आणि बुडाची माती मोकळी करा. मूळ थोडं जरी जिवंत असलं तरी बाजूनं पिलं फुटतात. उपटून टाकला असेल तर माझ्या दारात जूनला पाच-सहा पिलं निघतील, लातूरला चक्कर झाली तर घेऊन जा, येताना पिशवी आणा फक्त.