खुलासा: सोलरचं अनुदान उमेदवाराचं नाही

शिवाजी पेठेतल्या ग्रुपवर मेसेज फिरतोय: ‘छतावरच्या सोलरचे ७८,००० रुपये आपल्या उमेदवाराच्या निवडणूक निधीतून मिळाले, आता मत त्यांनाच.’ परवा मीही तो पुढे पाठवला, चूक माझी.

हे पैसे केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेचे, म्हणजे आपल्याच कराचे. योजनेच्या पोर्टलवर दर दिलेत: पहिल्या २ किलोवॉटला प्रत्येकी ३०,०००, तिसऱ्याला १८,०००. रक्कम थेट बँक खात्यात येते. मत कुणालाही द्या. विधानसभेच्या उमेदवाराची खर्चमर्यादाच ४० लाख, ती ५१ छपरांत संपेल. शिवाय मतासाठी पैसे देणं १९५१च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार लाच ठरते.

या मेसेजचं वयस्कर मंडळींवर दडपण येतंय, ते बघवत नाही. कृपया तो पुढे पाठवू नका. जिथे पाठवला असेल, तिथेच हा खुलासा टाका.