सर, वही कशाला काढता?

वेबिनार दोन क्रेडिटांचा होता. पहिलं क्रेडिट मिळालं, दुसरं गेलं. कारण काय, तर पडद्यावर उगवलेल्या सहा चौकोनांपैकी एकावर मी टिचकी मारली नाही.

अकाउंटंटनं परीक्षा पास झाल्यावरही शिकत राहायचं असतं आणि ते तासांत मोजून दाखवायचं असतं. पुष्कळ संस्थांचा हिशेब असा: तीन वर्षांत 120 तास, त्यातले निदान 60 पुराव्यानिशी, आणि दरवर्षी किमान 20. अमेरिकेत तर 50 मिनिटांचा एक तास, म्हणजे एक क्रेडिट, धरतात. ताळेबंदात एका आकड्याचा फरक न खपवून घेणारी माणसं तासातली दहा मिनिटं बिनबोभाट राइट ऑफ करतात. वेबिनार असेल तर तुम्ही जागे आहात हे कळायला तिथल्या नियमानं दर क्रेडिटमागे किमान तीन पोल, म्हणजे पडद्यावर उगवणारे प्रश्नांचे चौकोन. उत्तर चुकलं तरी चालतं, फक्त दिलं पाहिजे.

आमच्या आयोजकांनीही हाच मापदंड उचललेला. विषय होता आयएफआरएस 18 हे आंतरराष्ट्रीय लेखा मानक. 1 जानेवारी 2027 पासून आयएएस 1 या जुन्या मानकाची जागा घेणारं हे मानक नफा-तोटा पत्रकात उत्पन्न-खर्चाचे ऑपरेटिंग (धंद्याचं कामकाज), इन्व्हेस्टिंग (गुंतवणूक) असे गट पाडतं आणि ‘ऑपरेटिंग प्रॉफिट’ची ओळ पहिल्यांदाच सक्तीची करतं. आजवर जो तो आपापल्या सोयीचा ऑपरेटिंग प्रॉफिट मांडत होता. वक्ते तयारीचे होते, समजावून सांगत होते.

पण चॅटमध्ये एक गृहस्थ होते.

तिसऱ्या मिनिटाला त्यांनी लिहिलं, “आवाज येतोय सर. सर्टिफिकेट कधी?” मग, “पीपीटी मिळेल ना?” मग, “सर्टिफिकेटवर वडिलांचं नाव येईल का?” (हा प्रश्न तसा रास्त. सर्टिफिकेटवरचं नाव सभासद नोंदीशी जुळलं नाही तर तास अडकतात.) अर्ध्या तासानं, “आत्तापर्यंत पोल किती झाले?” कुणीतरी सांगितलं, दोन. “तिसरा साधारण कधी?”

वक्त्यांनी हे बराच वेळ सोसलं. शेवटी म्हणाले, “विषयासंबंधी काही शंका आहे का?”

“हो सर,” गृहस्थांनी लगेच लिहिलं. “शेवटचा पोल विषय संपल्यावर येणार, की संपायच्या आधी?”

वक्ते काही क्षण गप्प झाले. या गृहस्थांना ऑपरेटिंगमध्ये टाकावं की इन्व्हेस्टिंगमध्ये, याचा विचार करत असावेत.

पुढं त्यांनी सांगितलं की इक्विटी पद्धतीनं धरलेल्या असोसिएटच्या, म्हणजे जिच्यावर आपला ताबा नाही पण वजन आहे अशा कंपनीच्या, नफ्यातला वाटा इन्व्हेस्टिंग गटात जातो, ऑपरेटिंग प्रॉफिटच्या खाली. माझ्या एका क्लायंटचा अख्खा ऑपरेटिंग प्रॉफिट यानं हलणार होता. मी वही ओढली, एक्सेल पूर्ण पडद्यावर उघडलं आणि आकडे मांडून बघायला लागलो. पाचवा पोल नेमका तेव्हा आला. तो वेबिनारच्या खिडकीत उगवतो. पुढं दुसरी खिडकी असेल तर मागच्या मागे साठ सेकंद जळून जातात. म्हणून वेबिनारला वेगळा स्क्रीन द्यावा. नुसता फोन लावून ऐकू नये, फोनवर चौकोन दिसत नाही. आणि एका लॉगिनवर दोघं बसलात तर क्रेडिट एकालाच. दुसरा नुसताच शहाणा होतो.

आयोजकांना मी वहीची तीन पानं स्कॅन करून पाठवली. उत्तर आलं: “लॉगनुसार आपली उपस्थिती आढळत नाही.” रूपापेक्षा आशय पाहा, हे आम्हाला पहिल्या वर्षापासून घोकायला लावलेलं. आंतरराष्ट्रीय शिक्षण मानक आयईएस 7 तर शिकणं फलितावरूनही मोजायला परवानगी देतं. पण फलित मोजायला कुणीतरी वाचावं लागतं. तास काय, मशीन मोजतं.

तास आधीच जास्तीचे करून ठेवावेत म्हटलं, तर सरकत्या गणतीत (दरवर्षी शेवटची तीन वर्षं मोजतात) तेही अंगाशी येतं. पहिल्या वर्षी उत्साहानं 70 केले, मग 25 आणि 25: झाले 120. चौथ्या वर्षी ते 70 गणतीतून गळून पडतात, आणि पुन्हा 70 भरायची वेळ येते. उत्साहाचं असं व्याज दुसरीकडे कुठं भरावं लागत नाही.

वेबिनार संपताना मी चॅटमध्ये विचारलं होतं, “पाचवा पोल राहिला, काही करता येईल का?” आयोजक गप्प. खासगी मेसेज आला तो त्या गृहस्थांचा.

“सर, लिहीत बसला होतात का?”

मी हो म्हटलं.

“वही कशाला काढता, सर? घोटाळा तिथंच होतो. पीपीटी येणारच आहे.”

त्यांना दोन्ही क्रेडिटं मिळाली. पीपीटी अजून आलेली नाही.