आठवा गजर

मागच्या महिन्यात रात्री मोबाइलवर गजर लावताना त्या यादीकडे पहिल्यांदाच नीट लक्ष गेलं. सात गजर. पहाटे ५:४० पासून रात्री दहापर्यंत. प्रत्येकापुढे मीच लिहिलेलं: आईचं औषध, मीटिंग, हप्ता, लेकीचा क्लास. पलंगाच्या कडेला तशीच बसून राहिले. मनात आलं, एवढंच का?

मैत्रिणीला बोलून दाखवलं तर म्हणाली, "जास्त विचार करू नकोस गं, सगळं छान तर चाललंय." तिच्या मायेबद्दल शंका नाही, पण हे मला पटत नाही. सगळं छान चाललेलं असतानाही हा प्रश्न डोकं वर काढतोच. रशियन कादंबरीकार टॉलस्टॉयचं बघा. पन्नाशीच्या आसपास जमीनजुमला, भरलेलं घर, नावलौकिक, सगळं होतं. तरी 'हे कशासाठी?' या प्रश्नाने त्याला असं घेरलं की घरातली दोरी त्याने स्वतःपासूनच लपवली, बंदूक घेऊन शिकारीला जाणं सोडलं. त्यानेच लिहून ठेवलंय हे. रिकामपणाचे उद्योग म्हणायचे का याला?

काहीजण म्हणतात, सगळं सोडून निघून जावं. तेही मला मानवत नाही. निघून जाणाऱ्याचं ओझं मागे राहिलेल्या कुणालातरी उचलावं लागतं, आणि ती बहुतेकदा घरातली बाईच असते.

मला जवळचा वाटतो तो सतराव्या शतकातला डच तत्त्वज्ञ स्पिनोझा. भिंगं घासणारा माणूस. १६७३ मध्ये हायडेलबर्ग विद्यापीठाने प्राध्यापकी देऊ केली, तर मोकळेपणाने विचार करता येणार नाही या धास्तीने त्याने ती नाकारली. अवघ्या ४४ व्या वर्षी गेला. पण ईश्वर, निसर्ग, माणसाचं मन यांचा केवढा खोल विचार करून गेला, आणि हातातलं काम काही सुटलं नव्हतं. आपल्याला कामं आहेत म्हणून अडत नाही. दहा मिनिटं मोकळी मिळाली की आपला हात आपोआप मोबाइलकडे जातो, तिथे अडतं.

म्हणून आठवा गजर लावलाय, रात्री साडेनऊचा. त्याच्यापुढे काहीच लिहिलेलं नाही. तो वाजला की मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून वीस मिनिटं खिडकीशी बसते. पहिले चार दिवस डोक्यात उद्याचीच कामं फिरत होती. पाचव्या दिवशी बाबा आठवले. शेवटी शेवटी ते तासन्‌तास असेच खिडकीशी बसायचे. काय विचार करताय, हे मी एकदाही विचारलं नाही. फक्त औषध घेतलंत का, एवढंच विचारत राहिले.

काल लेकीने विचारलं, "आई, हा गजर कशाचा?" मला पटकन सांगता येईना. ती खुर्ची ओढून शेजारी येऊन बसली.