एक स्टारच्या अभिप्रायावर आमचं उत्तर: कळवायला रिपोर्ट लागत नव्हता, सर

नमस्कार सर,

आपला अभिप्राय काल रात्री मुलाने मोबाइलवर दाखवला. आपल्या घरातल्या ओलीच्या तपासणीचा रिपोर्ट ठरलेल्या दिवशी मिळाला नाही, हे खरं आहे. 24 जुलैला देतो म्हणालो होतो, हातात पडला 30 जुलैला. सहा दिवसांच्या या उशिराबद्दल मनापासून माफी मागतो. त्यातले दोन दिवस तर निव्वळ आमच्या गलथानपणाचे. रिपोर्ट छापून सहीसाठी माझ्या टेबलावर पडला होता आणि मी दुसऱ्या साइटवर होतो. त्यावर माझ्याकडे सबब नाही.

पण आपण पुढे लिहिलंय, "यांच्या रिपोर्टच्या नादात माझी रेराची पाच वर्षांची मुदत गेली, वर बिल्डरशी सेटिंग." (रेरा म्हणजे घर घेणाऱ्यांसाठीचा कायदा, बांधकामातला दोष बिल्डरला कळवायला त्यात पाच वर्षं आहेत.) ते वाचून रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. सोळा वर्षं मी हेच काम करतोय. लोकांच्या घरात जायचं, ओल कुठून येते ते शोधायचं, कागदावर लिहायचं आणि खाली सही करायची. माझ्याकडे विकायला ती सहीच आहे, दुसरा माल नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितोय. आपलं नाव, इमारत, बिल्डरचं नाव यातलं काहीही इथे येणार नाही, काळजी नसावी.

आपला पहिला फोन 9 जुलैला आला. ताबापत्रावरची तारीख 28 जुलै. म्हणजे पाच वर्षं भरायला एकोणीस दिवस उरले होते. बेडरूमची भिंत मात्र पहिल्या पावसाळ्यापासून ओली होत होती. कपाटामागे बुरशी आली तेव्हा कपाट दोन फूट पुढे ओढलं, हे वहिनींनीच मला सांगितलं. चार वर्षं अकरा महिने कपाट पुढे ओढून काढली आणि उरलेल्या एकोणीस दिवसांत सगळा भार माझ्यावर. असो, हे बोलायला नको होतं.

12 जुलैला मी घर पाहिलं. त्याच संध्याकाळी 7 वाजून 42 मिनिटांनी आपल्याला व्हॉट्सॲप केला, तो जसाच्या तसा देतो: "सर, रिपोर्टसाठी थांबू नका. बिल्डरला आजच ईमेल करा. ओल कुठे कुठे आहे ते चार ओळींत लिहा, मोबाइलवरचे फोटो जोडा. एक प्रत स्पीड पोस्टाने पाठवा, पावती जपून ठेवा." दोन निळ्या टिका आल्या. आपण हात जोडल्याचं चिन्ह पाठवलंत. मी समजलो, काम झालं.

हे मी उगाच लिहिलं नव्हतं. रेरा कायदा 2016 चा आहे, त्याच्या कलम 14 चं तिसरं उपकलम बघा. बांधकामाच्या सांगाड्यात, कारागिरीत, दर्जात किंवा सेवांमध्ये दोष असेल आणि ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत तो बिल्डरच्या नजरेस आणून दिला, तर त्याने तीस दिवसांत जादा पैसे न घेता दुरुस्त करून द्यायचा. नाही दिला तर घरमालक नुकसानभरपाई मागू शकतो. नजरेस आणून द्यायचा, बस. सोबत इंजिनिअरचा रिपोर्ट जोडा, असं त्या उपकलमात कुठेही नाही. महारेराकडे, म्हणजे रेराच्या राज्यातल्या प्राधिकरणाकडे, तक्रारही पाच वर्षांच्या आत दाखल झालीच पाहिजे, असंही ते उपकलम म्हणत नाही. रिपोर्ट लागतो तो पुढे, बिल्डर हात झटकतो तेव्हा. दोष आहे की नाही, कोणामुळे आहे, दुरुस्ती कशी करायची, या वादात तो कामाला येतो. माझ्याकडे येणाऱ्या दहांतले निम्मे लोक आधी रिपोर्ट आणि मग तक्रार असाच क्रम डोक्यात घेऊन येतात, म्हणून पहिल्याच दिवशी हे सांगायची मी स्वतःला सवय लावून घेतलीय. (काही बिल्डर भोगवटा प्रमाणपत्राच्या तारखेपासून पाच वर्षं मोजून दाखवतात. कायदा ताब्याची तारीख धरतो. इतरांनी वाचलं तर उपयोगी पडेल म्हणून हेही लिहितोय.)

आपण पहिला मेल केलात 31 जुलैला, माझी 46 पानं जोडून. बिल्डरच्या वकिलांनी एका ओळीत उत्तर दिलं, मुदत संपली.

आता आपण म्हणाल, 24 तारखेला रिपोर्ट दिला असतात तर मेल 28 च्या आत गेला असता. गेला असता, सर. ते मी नाकारत नाही, आणि तेच मला कालपासून टोचतंय. पण मेल तर 12 तारखेलाही जाऊ शकत होता.

उरलेल्या चार दिवसांचा हिशेब बाकी आहे. आपल्याकडे ओलीचे दोन डाग आहेत. एक बाहेरच्या भिंतीवर खिडकीच्या कोपऱ्यात, दुसरा बाथरूमला लागून असलेल्या भिंतीवर, जमिनीपासून गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत. पावसाळ्यात दोन्ही एकदमच ओले दिसतात. मग बाहेरचं पाणी कुठलं आणि बाथरूमचं कुठलं, हे नुसत्या डोळ्यांनी कोण सांगणार? म्हणून 14 जुलैला बाथरूमचं पाणी जायचं भोक बूच लावून बंद केलं, दोन इंच रंगीत पाणी साठवलं आणि टाइलवर पेन्सिलने पाण्याची रेघ मारून शेजारी वेळ लिहिली. भिंतीवरच्या डागाची कडही पेन्सिलने आखली. 48 तास कोणी आत जायचं नाही, असं ठरलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी आमचा मुलगा रीडिंग घ्यायला आला तर बूच बेसिनवर, त्याला साबणाचा फेस, आणि बाथरूम लख्ख कोरडी. घरी पाहुणे आले होते, त्यांना आंघोळीला उशीर होत होता. माणसाच्या घरात असं होतं, मी तेव्हा एका शब्दानेही बोललो नाही. पण चाचणी फुकट गेली. पुन्हा करायला आपण 19 तारीख दिलीत. 21 ला सकाळी डाग आखलेल्या रेघेच्या वर चार बोटं सरकला होता आणि बुंध्याशी पाण्याचा रंग उतरला होता. 24 तारीख गाठायची म्हणून या पुराव्याची वाट न बघता मी रिपोर्ट लिहून टाकला असता तर तो अंदाज झाला असता. अंदाज मांडायचे पैसे मी घेत नाही.

आता सेटिंगबद्दल. रिपोर्टमध्ये सात दोष आहेत. त्यातले पाच बिल्डरचे आहेत आणि मी ते तसेच लिहिलेत. खिडकीखालच्या पट्टीला बाहेरच्या बाजूने उतार नाही. बीम आणि विटकामाच्या सांध्यावर जाळी न मारता प्लास्टर केलंय, तिथेच आडवी चीर गेलीय. हे आम्ही एक फूट प्लास्टर खरवडून बघितलं, फोटो पान 19 वर आहेत. बिल्डरला वाचवायचं असतं तर मी कशाला खरवडलं असतं? दोन दोष मी आपल्या बाजूला टाकले, त्यावरून आपल्याला राग आलाय, हे मला कळतं. पण दोन वर्षांपूर्वी आपण बाथरूमच्या टाइल बदलल्यात. कारागिराने जुन्या टाइल काढताना खालचा वॉटरप्रूफिंगचा थर फोडला आणि दाराचा उंबराही काढून टाकला. हे मी लपवलं असतं तर काय झालं असतं? बिल्डरचा इंजिनिअर आत पाऊल टाकताच म्हणाला असता, ही आमची टाइलच नाही. करारात तर बिल्डरच्या लेखी परवानगीशिवाय बाथरूममध्ये फेरबदल केल्यास हमी रद्द, असं कलम आहे. एक खोटं सापडलं की उरलेल्या पाच खऱ्या दोषांकडेही कोणी बघत नाही. असे रिपोर्ट मी सलोख्याच्या बैठकीत दहा मिनिटांत बाजूला सारलेले पाहिलेत. आपल्या बाजूने लिहिणं आणि आपल्या उपयोगाचं लिहिणं यात फरक आहे. तो समजावून सांगण्यात मी कमी पडलो असेन.

फी जास्त घेतली म्हणालात. 18,000 रुपये कोटेशनमध्ये होते, दुसऱ्यांदा केलेल्या चाचणीचे वेगळे लावले नाहीत. त्यावर एवढंच.

आपली बाजू सगळीच गेली, असं मला वाटत नाही. पहिल्या भेटीत आपण मला एक जुना मेसेज दाखवला होता. तिसऱ्या वर्षी आपण बिल्डरच्या सुपरवायझरला ओल्या भिंतीचा फोटो पाठवला होता आणि त्याने "बघतो" असं उत्तर दिलं होतं. फोटोत खिडकीचा तोच कोपरा आहे. पाच वर्षांच्या आत दोष नजरेस आणून दिल्याचा तो पुरावा ठरू शकतो का, हे वकिलांना विचारा, असं मी 31 तारखेला फोनवरही बोललो होतो. आपण चिडलेले होतात, कदाचित ऐकायचं राहून गेलं असेल. तो फोन बदलू नका आणि चॅट पुसू नका.

आमच्याकडूनही सुधारणा करतोय. ज्यांची मुदत जवळ आलीय त्यांची फाइल वेगळी ठेवायची, त्यांना फोन करून मेल गेला का ते विचारायचं, असं काहीतरी ऑफिसला बसवून द्यायला सांगितलंय. नुसतं व्हॉट्सॲप करून मी मोकळा झालो, तिथे एक फोन करायला हवा होता. एवढं माझं चुकलं.

दोन्ही चाचण्यांचे मूळ फोटो तारीख आणि वेळेसकट आमच्याकडे आहेत. वकिलांना बिल्डरच्या उत्तरावर म्हणणं मांडायचं असेल तर मी प्रतिज्ञापत्र करून द्यायला तयार आहे, त्याचे पैसे नकोत. ऑफिसला येण्याआधी तेवढा एक फोन करा, दुपारी मी बहुतेक साइटवर असतो.