लागण करणाऱ्याचा रकाना कोरा का?

शेतीचं अनुदान शेती करणाऱ्याला मिळायला हवं. एवढी साधी गोष्ट आपल्या गोव्यात अजून होत नाही, म्हणून आज जरा लांबलचक लिहितोय.

पीएम-किसानचे वर्षाला ६००० रुपये, २००० च्या तीन हप्त्यांत. योजना जमीनधारकाची आहे. नोंदीत नाव असेल तर पैसे, नसेल तर नाही. आमच्या पेडण्यात अशी कितीतरी शेतं आहेत जिथे मालक मुंबईत नाहीतर आखातात, आणि चिखलात उतरतो तो भलताच. उताऱ्यावर पणजोबा, वारस वीस-पंचवीस, इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांमधली कायदेशीर वाटणी, कोणी केलेली नाही. आमच्या वाड्यावरचे एक काका दुसऱ्याचं शेत तोंडी बोलीवर करतात. पॉवर टिलरचं भाडं, बियाणं, खत, लावणीच्या बायांची मजुरी, सगळं त्यांच्या खिशातून. अनुदानाची चौकशी करायला गेले तर उत्तर ठरलेलं: "काका, उताऱ्यावर तुमचं नाव खंय आसा?" बोलणाऱ्या मुलीचा दोष नाही. तिच्यापुढे कागद तसाच आहे.

आता तो कागद नीट बघा. एक-चौदाच्या उताऱ्यात, म्हणजे गोव्यातल्या जमिनीच्या नोंदीच्या नमुन्यात, कब्जेदार आणि कूळ यांच्या खाली पिकाखालच्या क्षेत्राचा तक्ता असतो. वर्ष, लागण करणाऱ्याचं नाव, मोसम, पीक. म्हणजे शेत कोण करतो हे दरसाल लिहून ठेवायची सोय आधीपासूनच आहे. माझ्या हातात आलेल्या बहुतेक उताऱ्यांवर हा तक्ता कोरा. तो भरला असता तर काकांना दारोदार फिरावं लागलं नसतं.

तो कोरा राहतो याला कारण आहे, आणि ते समजून घ्यायला हवं. १९६४ चा कूळ कायदा, मग १९७६ ची पाचवी दुरुस्ती. २० एप्रिल १९७६ पासून कूळ मालक मानलं गेलं. ती दुरुस्ती झाली नसती तर आमच्यासारख्यांच्या घरात आज काय असतं, विचारच करवत नाही. पण तेव्हापासून भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, मनात एक भीती बसली: नाव लागलं की जमीन गेली. त्यामुळे कोणी लिहून देत नाही आणि शेतं पड राहतात. दुसरीकडे जुनी कूळ प्रकरणं मामलेदाराकडे तारखांवर तारखा घेत पडून आहेत. २०१४ ला ती दिवाणी न्यायालयांकडे नेली, विरोध झाल्यावर परत मामलेदाराकडे आणली. ह्या ये-जा करण्यात म्हातारी कुळं गेली, निकाल नाही.

आंध्र प्रदेशाने २०१९ मध्ये कसणाऱ्यासाठी ११ महिन्यांचं कार्ड काढलं. त्यावर कर्ज, विमा, अनुदान मिळावं, पण मालकी हक्क अजिबात नाही, हे कायद्यातच लिहिलेलं. कल्पना मला पटते. पण तिथे मालकाची संमती लागते आणि अनेक मालक सहीच करत नाहीत, त्यामुळे तीच नक्कल इथे करून भागणार नाही. सहीवर अडलं की काका पुन्हा होते तिथेच.

माझं म्हणणं असं. भात उभं असताना तलाठी आणि कृषी खात्याचा माणूस, दोघांनी मिळून शेतात यावं. शेजारच्या शेतकऱ्यांसमोर कोण लावतोय ते लिहावं. त्या नोंदीवरून कुळाचा दावा उभा राहणार नाही, असं विधानसभेने कायद्यात स्पष्ट घालावं, म्हणजे भाटकारही निर्धास्त. ज्यांचे जुने कूळ दावे चालू आहेत त्यांच्या हक्काला मात्र यातून काडीचाही धक्का लागता नये. हे दुसरं वाक्य कायद्यात नसेल तर पहिल्याला माझा पाठिंबा नाही.

आणि बी-बियाणं, खत, नुकसानभरपाई, सगळं त्याच नोंदीवर द्यावं. पड शेताच्या मालकाचा हप्ता काढून घ्या असं मी म्हणत नाही, तो केंद्राचा विषय. राज्याच्या तिजोरीतून जाणारा पैसा तरी कसणाऱ्याच्या खात्यात जाऊ दे.

येत्या ग्रामसभेत मी हा ठराव मांडणार आहे. आपापल्या पंचायतीत मांडायला कोणी तयार असेल तर खाली लिहा, मसुदा पाठवतो. आणि घरातला एक-चौदा काढून तो तक्ता एकदा बघा, भरलेला आहे की कोरा, तेही सांगा.