लंगडणारं कुत्रं आणि अर्धी गोळी

इंदूरच्या आमच्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. म्हणणं असं, की छोटं कुत्रं लंगडलं तर डॉक्टरकडे धावू नका. ओरडत नाही म्हणजे हाड शाबूत आहे. गरम मोहरीचं तेल चोळा, अंगदुखीची अर्धी गोळी द्या, काडी लावून पट्टी बांधा. हाड आपसूक जुळतं. सुदामा नगरातल्या तीन घरांतून मला तो आला, तिन्ही घरांत पॉमेरियन.

ओरडण्याचं आधी. कुत्री दुखणं लपवतात. आवाज ऐकत बसण्यापेक्षा पाय बघा. टेकवत टेकवत चालतंय की पाय नुसता लोंबतोय? लोंबत असेल, वाकडा दिसत असेल, तर त्याच दिवशी एक्स-रे. आमची चिंगी धावताना मागचा पाय उचलायची, तीन-चार उड्या मारायची, पाय मागे झटकायची आणि पुन्हा जशीच्या तशी. आम्ही त्याला लाड समजायचो! गुडघ्याची वाटी सरकत होती. छोट्या जातींत हे फार आढळतं. आणि लांब अंगाच्या, आखूड पायांच्या डॅशहुंडचा मागचा पंजा उलटा पडून घासत असेल तर दुखणं बहुधा पायाचं नसतं, मणक्याचं असतं. तिथे तासांचा हिशेब असतो.

तेल चोळून सरकलेली वाटी जागेवर राहत नाही, आणि हाड मोडलं असेल तर चोळण्याने टोकं आत टोचतात. ताज्या सुजेवर गरम काही नकोच. फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटं, तेही त्याने लावू दिला तर.

मेसेजमधलं सगळ्यात घातक वाक्य गोळीचं. अंगदुखीवरची आयबुप्रोफेनची गोळी 400 मिलिग्रॅमची, म्हणजे अर्धी 200. चार किलोच्या कुत्र्याला ती किलोमागे 50 मिलिग्रॅम पडते. साठ किलोचा माणूस अख्खी गोळी घेतो तेव्हा त्याला किलोमागे सातही पडत नाहीत. एवढ्याने कुत्र्याच्या पोटात व्रण होऊ शकतात, काळी शी होते; आणखी जास्त गेली तर मूत्रपिंडंही जाऊ शकतात. डायक्लोफेनॅक या दुसऱ्या दुखण्यावरच्या गोळीचंही तेच. चुकून दिलीच असेल तर गोळीचं पाकीट घेऊन लगेच डॉक्टर गाठा.

काडी-पट्टीचं म्हणाल तर दिवाणावरून उडी मारून मोडतं ते बहुधा पुढच्या पायाचं, मनगटाजवळचं हाड. छोट्या जातींत तिथे रक्तपुरवठा तोकडा असतो, म्हणून नुसत्या पट्टीवर ते जुळायचं राहून जातं. बरेचदा प्लेट बसवावी लागते. घट्ट पट्टीने पंजा सुजतो तो वेगळाच.

नेताना पाय सरळ करायला जाऊ नका, दुखरा जीव घरच्या हातालाही चावतो. टॉवेलसकट खोक्यात ठेवा. आणि निघण्याआधी घरातल्या घरात चालतानाचा व्हिडिओ काढा. चिंगी दवाखान्याच्या टेबलावर चढली की अशी ताठ उभी राहायची, जणू आम्हीच खोटं बोलतोय. डॉक्टरांना वाटीचा संशय आला तो फोनवरचा व्हिडिओ बघून.